आधी माणूस, मग पंप

माझा आवाज मोठा आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. पंपांच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढल्यावर माणूस नाजूक आवाजात बोलेल, अशी कुणाची अपेक्षा असेल तर चूक त्याची. चार मोटारी एकदम टेस्टिंगला लागल्या, की शेजारच्याला ‘पाना दे’ म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. घरी मी फोन उचलला, की बायको हातातलं काम टाकून येते, कुणाशी जुंपली ते बघायला. माझ्या मेव्हण्याने तर मला फोन करणंच सोडलंय. तो बहिणीच्या फोनवर करतो आणि आधी विचारून घेतो, “भावोजी आसपास नाहीत ना?”

अशा माणसाला कंपनीने तीन आठवडे टेलिफोनवर बसवलं. आणि ते काम मी झकास केलं, हे आधीच सांगून टाकतो. एक दिवस सोडून. त्या दिवसाचंही सांगणार आहे, लपवाछपवी आपल्याला जमत नाही.

झालं असं, की माझं डावं मनगट मोडलं. मोटार उचलताना मोडलं असतं तर चारचौघांत सांगायला तरी बरं वाटलं असतं. मोडलं ते ऑफिसच्या तीन पायऱ्या उतरताना, दुसऱ्या हातात चहाचा कप असताना. कप शाबूत राहिला. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर चढवलं आणि महिनाभर अवजाराला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. त्याच आठवड्यात ताईंच्या गळ्याचं निघालं.

ताई म्हणजे आमच्या फोनवर बसणाऱ्या बाई. त्यांना सगळेच ताई म्हणतात, पंच्याहत्तरीचे मालकसुद्धा. बावीस वर्षं त्यांनी तो फोन सांभाळला. आमचं काम पंप दुरुस्तीचं: इमारतींचे, दवाखान्यांचे, कारखान्यांचे. पंप बंद पडला की पाणी बंद, आणि पाणी बंद झालं की भल्याभल्यांचं डोकं फिरतं. त्यामुळे आम्हाला येणारा एकही फोन प्रेमाचा नसतो. असे साठ-सत्तर फोन ताई रोज घ्यायच्या, आणि तावातावाने सुरू झालेला माणूस शेवटी “बरं ताई, पाठवा सावकाश” म्हणून फोन ठेवायचा. दोन-तीन महिने त्यांचा आवाज बसत चालला होता. डॉक्टरांनी आत पाहिलं तर स्वरयंत्रावर गाठ. जिवावरची नव्हती, पण काढायला हवी होती. काढल्यावर तीन आठवडे अवाक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. आवाज परत येईल, पण पहिल्यासारखा येईल याची खात्री देत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

आता इथे जावईबापू येतात. मालकांचे जावई, हल्ली ऑफिसचा कारभार तेच बघतात. माणूस वाईट नाही, असं मी आज म्हणतोय, तेव्हा म्हणालो नसतो. त्यांनी एका यंत्राची चकचकीत पत्रकं आणली होती. गिऱ्हाइकाने फोन केला की यंत्र बोलणार: पंप बंद असेल तर एक दाबा, गळत असेल तर दोन दाबा. “ताईंना आता आराम देऊ या,” असं ते फार मायेने म्हणाले. आराम म्हणजे काय हे न कळायला आम्ही कुक्कुली बाळं नव्हतो. ताईंच्या घरात मिळवणाऱ्या त्या एकट्या. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी अजून शिकतेय. पन्नाशी ओलांडलेल्या, आवाज बिघडलेल्या बाईला फोनवर बसायला दुसरं कोण घेणार होतं?

मी तडक मालकांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, “तीन आठवडे फोनवर मी बसतो. नाहीतरी माझ्या हाताला सुट्टी आहे, तोंडाला नाही.”

जावईबापू हसले. “मिस्त्री, तुम्ही? गिऱ्हाईक पळून जाईल.”

“पंप आपल्याकडे उघडून ठेवलाय त्याचा. पळेल कुठे?”

मालकांनी माझ्या प्लास्टरकडे पाहिलं. मग म्हणाले, “बस. पण एक तक्रार आली, एकच, तर दुसऱ्या दिवशी यंत्र लागेल. नाही आली, तर खुर्ची ताईंची. कबूल?”

कबूल म्हणायला मला पळभरही वेळ लागला नाही. मी आजवर भल्याभल्या मोटारी सरळ केल्यात, फोन तो काय!

ऑपरेशनच्या आधी दोन दिवस ताई मला शिकवायला आल्या. बोलायला बंदी तेव्हापासूनच होती, म्हणून त्यांनी घरातली जुनी पाटी आणि खडू आणला. टेबलावर दोन फोन, एक काळा, एक पांढरा. मी खुर्चीत, त्या समोर स्टुलावर. पहिला फोन आला. मी उचलला आणि विचारलं, “पंप कुठला?”

ताईंनी पाटीवर लिहिलं, ‘आधी नाव. मग कुठून बोलताय. मग पंप.’

फोन झाल्यावर मी म्हटलं, “अहो ताई, पंप बंद पडलाय म्हणूनच तर फोन केलाय ना त्यांनी? मग पंपाचंच विचारतो.”

त्यांनी पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आधी माणूस, मग पंप.’ खाली दोन रेघा मारल्या. दुसऱ्या रेघेला खडू मोडला.

असे त्यांचे नियम होते. तिसरी घंटा वाजायच्या आत उचलायचा. तोंडात काही असता कामा नये, सुपारीसुद्धा नाही. कुणाला थांबवून ठेवलं तर दर अर्ध्या मिनिटाला परत येऊन सांगायचं, ‘आहे मी, विसरलो नाही.’ ज्याने फोन केला त्यानेच आधी ठेवायचा, आपण नाही. आणि पलीकडून कुणी बोललंच नाही, तर लगेच आपटायचा नाही. ‘काही जणांना बोलायला वेळ लागतो,’ त्यांनी लिहिलं. ‘थांबायचं.’ फोन चालू असताना लिहिणं जमत नव्हतं, म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या. खडूने पाटीवर दोनदा टक टक केलं की आवाज खाली आणायचा. तीनदा केलं की गप्प बसून समोरच्याला बोलू द्यायचं. पहिल्या दिवशी त्या पाटीवर इतकी टकटक झाली, की वर्कशॉपमधून कुणीतरी विचारायला आलं, सुतार बोलावलाय का म्हणून.

जाताना त्यांनी मला त्यांची वही दिली. शेवटच्या पानावर एकच ओळ होती: ‘आपल्या कामगाराच्या घरचा फोन असेल तर उठून जावे.’ ती वाचून मी पान उलटलं. जगात कुणालाही तो नियम शिकवावा लागला असता, मला नाही.

कारण अकरा वर्षांपूर्वी माझे वडील गेले, तेव्हा भावाचा फोन ताईंनीच घेतला होता. ऑफिसला अंगणाच्या बाजूने एक काचेची खिडकी आहे, ती सरकवून समोरच्या वर्कशॉपमध्ये हाक मारता येते. ताईंनी हाक मारली नाही. त्या उठल्या, अंगण ओलांडून वर्कशॉपमध्ये आल्या. तिथे खाली सगळीकडे तेल, त्या कधी पाऊल टाकायच्या नाहीत. बोर्डावरचं बटण त्यांनी स्वतः बंद केलं. माझ्या हातातला पाना काढून घेऊन टेबलावर ठेवला, मला एका खोक्यावर बसवलं, आणि मग सांगितलं. मला न्यायला गाडी तोवर दाराशी आली होती, सोबत कोण येणार तेही ठरलं होतं. वडील गेल्याचं दुःख आहेच, ते राहणारच. पण ते मला कसं कळलं, ते आठवलं की अजून त्या बाईपुढे हात जोडावेसे वाटतात. त्यांची खुर्ची राखायला मी बसलो तो एवढ्याचसाठी.

पहिले चार दिवस नाकी नऊ आले. पाचव्या दिवशी लाँड्रीवाल्या काकांचा फोन आला. दवाखान्यांच्या चादरी धुण्याचा त्यांचा मोठा कारखाना, धुण्याच्या मशीनांच्या गोंगाटात उभे राहून बोलायची सवय, त्यामुळे आवाजात ते माझे सख्खे भाऊ शोभतील. मी नाव विचारलं, कुठून बोलताय विचारलं, आणि मग म्हटलं, “पंपाला काय झालं?”

“आवाज करतोय!”

“कसला आवाज?”

“आता आवाज म्हणजे... आवाज! तो काय लिहून दाखवू?”

“काका, फोन पंपाजवळ न्या. अगदी जवळ. आणि दोन मिनिटं तुम्ही बोलू नका.”

त्यांनी नेला. मी डोळे मिटले. घर्र, घर्र, आणि मध्येच एक बारीक टिक. “काका, मागच्या बाजूचं बेअरिंग गेलंय. पंप लगेच बंद करा, नाहीतर शाफ्टला खाईल. माणूस पाठवतो, बेअरिंग सोबतच देतो.”

आमचा माणूस गेला, उघडून पाहिलं, मागचंच बेअरिंग. काकांनी चार ठिकाणी सांगितलं. मग काय, लोक आपणहून फोन पंपाला लावायला लागले. पंपाने हवा धरली की कसा रिकामा खुळखुळतो, आतली चकती झिजली की कसा धापा टाकतो, हे मी खुर्चीत बसून सांगायचो आणि शंभरातले पंच्याण्णव बरोबर निघायचे. उरलेले पाच पंप खोटं बोलत असणार. आमची माणसं पूर्वी एकदा बघायला आणि एकदा दुरुस्तीला जायची. आता एकाच फेरीत काम व्हायला लागलं. माझा आवाजही खाली आला. इतका, की एका रविवारी मी घरी फोनवर बोललो तर बायकोने कपाळाला हात लावून पाहिला. मेव्हणा पलीकडून म्हणाला, “राँग नंबर,” आणि ठेवून दिला.

दोन आठवडे झाले. एक तक्रार नाही. जावईबापू येता-जाता माझ्या टेबलाशी थांबायचे, वहीत काहीतरी टिपून घ्यायचे आणि मान डोलवायचे. मला वाटलं, जिरली. मी खुशीत होतो.

तिसऱ्या आठवड्यातला बुधवार. काळ्या फोनवर एका इमारतीचा पंप ऐकत होतो. फार नामी आवाज होता, दोन रोग एकत्र. इतक्यात पांढरा वाजला. तो दुसऱ्या कानाला लावला. वर्कशॉपमध्ये लेथवर लोखंड कातणाऱ्या आमच्या लेथवाल्याचे शेजारी बोलत होते. त्याची बायको जिन्यावरून पडली होती, तिला दवाखान्यात नेलं होतं. “सांगतो,” म्हटलं आणि ठेवला. मीच ठेवला, त्यांच्या आधी. मग खुर्चीतल्या खुर्चीत वळलो, काचेची खिडकी सरकवली, आणि एकतीस वर्षांचा कमावलेला आवाज काढला:

“अरे ए! तुझी बायको पडली! दवाखान्यात नेलंय!”

आणि पुन्हा काळा फोन कानाला लावून म्हणालो, “हं, बोला.”

वर्कशॉपमधून आरडाओरडा ऐकू आला तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. लेथ चालूच होतं. हाक ऐकून तो वळला होता आणि अंगठा गेला होता मशीनकडे. वरचं कातडंच फाटलं, हाड वाचलं, नशीब. पण त्याचं अंगठ्याकडे लक्षच नव्हतं. रक्त गळत असतानाच तो खिडकीशी धावत आला. तोंड पांढरंफटक.

“मिस्त्री, कुठल्या दवाखान्यात? शुद्धीवर आहे ना ती?”

मी विचारलंच नव्हतं. दवाखाना विचारला नव्हता, कितपत लागलंय ते विचारलं नव्हतं, काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. पंप कुठला, किती वर्षांचा, पाणी किती उचलतो, हे सगळं माझ्यासमोर वहीत लिहिलेलं होतं. ज्या माणसाबरोबर चौदा वर्षं डबा खाल्ला, त्याच्या बायकोबद्दल माझ्या वहीत एक अक्षर नव्हतं. शेजाऱ्यांना परत फोन करून दवाखाना कळेपर्यंत पंधरा मिनिटं गेली. ती पंधरा मिनिटं तो खिडकीबाहेर उभा होता, अंगठ्याला फडकं गुंडाळून.

तिचा पाय मोडला होता, बाकी ठीक होती. अंगठ्याला तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी तो येऊन मलाच म्हणाला, “जाऊ द्या मिस्त्री, घाईत होतं असं.” तक्रार त्याने केली नाही. त्याने शिवी दिली असती तर मला जेवण गेलं असतं.

शुक्रवारी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. जावईबापूंनी एक रंगीत तक्ता टेबलावर पसरला होता. “मिस्त्री, मानलं तुम्हाला,” ते म्हणाले. “एकही तक्रार नाही. फेऱ्या जवळजवळ निम्म्या. यंत्राचा विषय मी सोडून दिला. प्लास्टर निघालं तरी आता फोनवर तुम्हीच बसा. वर्कशॉपला दुसरा मिस्त्री बघू.”

“आणि ताई?”

“त्यांचं बघू काहीतरी. मी भेटून आलो परवा. अहो, तो आवाज परत आला तरी फोनवर चालण्यासारखा नसणार, डॉक्टरच म्हणतात. आणि तुमच्यासारखं पंपातलं कुठे कळतं त्यांना?”

खोटं कशाला बोलू, त्यांनी तारीफ केली तेव्हा क्षणभर मला गुदगुल्या झाल्या. मग डोक्यात प्रकाश पडला. ताईंची खुर्ची राखायला मी बसलो, आणि इतका बेफाम राखत गेलो, की आता तिच्यावर मीच ठाण मांडून होतो. यंत्राला हरवता हरवता मी ताईंना हरवलं होतं. इतका शहाणपणा करणारा माणूस शोधून सापडायचा नाही.

“मालक,” मी म्हटलं, “एक तक्रार आहे.”

“कुणाबद्दल?”

“माझ्याबद्दल. करणाराही मीच.”

बुधवारची सगळी हकिकत मी सांगितली. खिडकी, हाक, ‘हं, बोला’, पंधरा मिनिटं, काही गाळलं नाही. जावईबापूंनी तक्त्यावर नजर फिरवली. “पण मिस्त्री, हे काही फोनचं काम नव्हतं. घरगुती निरोप होता तो.”

“तेच एक फोनचं काम होतं, साहेब. बाकी सगळं पंपांचं होतं, ते मला येतंच.”

मालक म्हणाले, “ठरलं होतं तुझ्याशी. तक्रार आली तर यंत्र.”

“लावा. पण एक ध्यानात घ्या. यंत्र खुर्चीतून उठणार नाही आणि त्या दिवशी मीही उठलो नाही, म्हणजे आम्ही दोघं एकाच माळेचे मणी. या ऑफिसात फोन ऐकून उठणारं माणूस एकच आहे. माझा बाप गेला तेव्हा ती बाई तेलातून चालत आली होती. तुम्ही होतात तेव्हा, मालक. तुम्हीच गाडी दिली होतीत.”

मालकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. 

“सोमवारी तिची बोलायची बंदी उठते,” ते शेवटी म्हणाले. “येऊ दे. पहिला फोन तिने घ्यायचा, मी समोर बसेन. पण गिऱ्हाइकाने तो आवाज ऐकून फोन ठेवून दिला, तर मग मला काही सांगायला येऊ नकोस.”

सोमवारी सकाळी पावणेदहाला मालक माझ्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसले. जावईबापू शेजारी उभे, हातात पुन्हा तीच चकचकीत पत्रकं. ताईंचा पत्ता नव्हता. बावीस वर्षांत ज्या बाईंना पाच मिनिटं उशीर झाला नव्हता, त्या दहा वाजले तरी आल्या नाहीत. मालकांनी घड्याळाकडे पाहिलं.

दहा वाजून चार मिनिटांनी काळा फोन वाजला. मी दुसऱ्या घंटेला उचलला. “नमस्कार, बोला!”

कुणी बोललं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता.

“हॅलो! बोला, मी ऐकतोय!”

“रिकामा फोन आहे, ठेवा,” जावईबापू म्हणाले.

मी मान हलवली. काही जणांना बोलायला वेळ लागतो. मी थांबलो, अर्धं मिनिट झाल्यावर म्हटलं, “आहे मी! विसरलो नाही!” काळजीने माझा आवाज पुन्हा जुन्या पट्टीला गेला होता.

तेव्हा फोनमधून आवाज आला. टक टक. कुणीतरी नखाने दोनदा वाजवलं होतं.

मी आवाज खाली आणला. खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणाच्या पलीकडे, फाटकाशी, खांद्याला पिशवी अडकवून ताई उभ्या होत्या. मोबाइल कानाला.

“फोन तुम्ही केलाय,” मी हळू म्हणालो, “तेव्हा आधी ठेवायचा तुम्ही. मी ठेवणार नाही. नियम आहे.”

मग त्या बोलल्या. “मिस्त्री, ऐकलात हा आवाज?”

ऐकला. जड, खरखरीत, मध्येच तुटणारा. कोरड्या पडलेल्या पंपात पहिलं पाणी शिरताना होतो तसा. बावीस वर्षांचा ओळखीचा आवाज त्यात औषधालाही नव्हता.

“लोक ओळखणार नाहीत मला,” त्या म्हणाल्या. “आतापर्यंत तीनदा आत यायला निघाले.”

“मी ओळखलं की.”

“मी बोलल्यावर.”

“बोलायच्या आधी,” मी म्हटलं. “थांबा तिथेच.”

रिसीव्हर टेबलावर तसाच उघडा ठेवून मी खुर्चीतून उठलो. तीन आठवड्यांत फोन ऐकून मी पहिल्यांदा उठलो. मालकांसमोरून, जावईबापूंसमोरून, त्या तीन पायऱ्या जपून उतरून अंगण ओलांडलं आणि फाटकाशी गेलो. “चला ताई,” म्हटलं. “माझं मनगट बरं होत आलंय. खुर्चीत बसून बसून कंबर मोडायची वेळ आलीय.” पिशवी मी घेतली.

ताई खुर्चीत बसल्या. काळा रिसीव्हर त्यांनी जागेवर ठेवला, मी तिरकी ठेवलेली वही सरळ केली. मालकांनी नमस्कार केला, त्यांनी नुसते हात जोडले. इतक्यात पांढरा फोन वाजला. एक घंटा. दुसरी घंटा. जावईबापूंनी पत्रकं दुसऱ्या हातात घेतली. तिसरीच्या आत ताईंनी उचलला.

“नमस्कार. कोण बोलतंय?”

पलीकडे लाँड्रीवाले काका होते. ते बोलतात तेव्हा फोन धरणाऱ्याला एकट्याने ऐकायची सोयच नसते, खोलीभर ऐकू येतं. “हॅलो?” ते ओरडले. “कोण बोलतंय? पंपवालेच ना?” आणि मग गप्प झाले. नुसती मशीनं धडधडत होती. मालक पुढे झुकले. मी उजव्या हाताने प्लास्टर घट्ट धरून उभा होतो. ठेवला फोन की संपलं.

“हो काका, पंपवालेच,” त्या खरखरीत आवाजात म्हणाल्या. “गुडघा कसा आहे तुमचा? पट्टा बांधताय ना, की खुंटीलाच आहे?”

मग सगळी खोली दणाणली.

“ताई! आलात होय तुम्ही! अहो, कुठे होतात इतके दिवस? आणि त्या तुमच्या मिस्त्रीला सांगा, पंपाचं फार कळतं त्याला, पैजेवर सांगतो. पण तीन आठवड्यांत माझ्या गुडघ्याचं एकदाही विचारलं नाही लेकाने!”

मालक हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. जावईबापूंनी पत्रकं घडी घालून खिशात टाकली आणि चहा सांगायला स्वतः बाहेर गेले. ताईंचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्या काकांच्या गुडघ्याचं ऐकत होत्या. बऱ्याच वेळाने काकांचा पंपही निघाला. त्याला काय झालं होतं ते त्यांनी नीट लिहून घेतलं, काकांनी फोन ठेवेपर्यंत थांबल्या आणि मग हळूच रिसीव्हर ठेवला.

मी खिडकी सरकवायला हात पुढे केला होता. तो मागे घेतला.

अंगण ओलांडून मी वर्कशॉपमध्ये गेलो. लेथ चालू होतं. लेथवाला पट्टी बांधलेला अंगठा जपत, मान खाली घालून काम करत होता. मी बाजूला उभा राहिलो. त्याचा हात मशीनपासून लांब आला, तेव्हा बोर्डावरचं बटण बंद केलं. चाक पूर्ण थांबू दिलं. मग त्याला खोक्यावर बसवलं, त्याच्या शेजारी बसलो, बायकोच्या पायाचं विचारलं, आणि ते सगळं ऐकून झाल्यावर सांगितलं, “ताई आल्या.”